पुढच्या ब्रेकची नळी

आपल्या शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही सायकलीचे हँडल एकदा डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून पाहावे. दोन्ही मुठींजवळून ब्रेकच्या दोन तारा निघतात. त्यांपैकी मागच्या चाकाकडे जाणारी तार हँडल वळताच एका बाजूस ताणली जाते, तर दुसऱ्या बाजूस वळविल्यावर तिचा फुगीर वळसा पडतो. पुढच्या चाकाच्या ब्रेकची तार मात्र हँडलाबरोबर जशीच्या तशी फिरते. तिचा आकार जवळजवळ बदलत नाही. असे का व्हावे? उत्तर सोपे आहे. पुढचा ब्रेक ज्या फोर्कवर बसविलेला असतो तो फोर्क हँडलाबरोबरच वळतो, म्हणून त्या तारेची दोन्ही टोके एकत्र प्रवास करतात. मागच्या तारेचे एक टोक वळते व दुसरे सायकलीच्या सांगाड्याशी स्थिर राहते. म्हणून तिला दर वळणागणिक वाकावे लागते.

ही साधी गोष्ट आम्हांस वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली, हे कबूल करण्यास संकोच वाटतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्र चालले की त्याच्याविषयी विचार करावयाचा नाही आणि बंद पडले की मिस्त्रीकडे न्यावयाचे, एवढाच आमचा व यंत्रांचा संबंध होता. तो बदलला एका जुन्या मोटारसायकलीमुळे.

आमच्या भाच्याने काही काळापूर्वी एक जुनी हिरो होंडा सीबीझेड विकत घेतली. ही गाडी १९९९ साली भारतात आली, तेव्हा तरुणांमध्ये तिचे मोठे कौतुक झाले होते. १५६ घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि पुढच्या चाकाला नेहमीच्या ड्रमऐवजी २४० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती, ही तिची वैशिष्ट्ये. भाच्याला गाडी मिळाली तेव्हा तिचे पुढचे शॉकअप गळत होते, म्हणून दिवाळीपूर्वी त्याने ते एका गॅरेजात दुरुस्त करून घेतले. तेल गळणे थांबले, गाडी चकचकीत झाली, भाचा खूष झाला.

पुढे जानेवारी आला. सुरतेत संक्रांतीच्या आधी दुचाकीच्या हँडलावर लोखंडी सळईची एक उंच कमान बसवून घेण्याची रीत आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पतंगाचा मांजा गळ्याशी येण्यापूर्वी त्या सळईवर अडावा, हा तिचा हेतू. भाच्याबरोबर आम्हीही उधन्याच्या रस्त्यावरील एका लहानशा दुकानात गेलो. सळई बसविणारे मिस्त्री मूळचे खानदेशातले. त्यांनी हँडलाला पट्टी आवळण्यापूर्वी सवयीने खाली वाकून पाहिले आणि हात थांबविला.

“भाऊ, ही नळी कोणी बांधली?” त्यांनी भाच्याला विचारले. मग स्वतःच म्हणाले, “बांधलीच नाही म्हणा की!”

त्यांनी आम्हांस खाली बसून पाहावयास लावले. हँडलाच्या उजव्या टोकापासून पुढच्या चाकाकडे बोटाएवढ्या जाडीची एक काळी नळी उतरत होती. तिला गॅरेजात ‘डिस्क पाइप’ म्हणतात. चाकाजवळ या नळीच्या आतल्या अंगाला रुपयाएवढा एक भाग गुळगुळीत व चकाकता झाला होता. रबराचा वरचा थर तेथे झिजून आतील विणलेले सूत दिसू लागले होते. नळीला जागेवर धरून ठेवणारी मडगार्डजवळची क्लिप नव्हती, आणि वरच्या बाजूस ज्या कड्यातून ती ओवलेली असावयाची ते कडेही रिकामे होते. शॉकअप काढताना दोन्ही सोडविली गेली आणि परत बसविताना विसरली गेली. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी लोंबत होती, आणि ब्रेक दाबला की ती आत झुकून फिरत्या टायरला घासत होती. भाचा अडीच महिने असाच रोज सरदार पुलावरून अडाजणला जात-येत होता.

ब्रेक नीट लागत नव्हता काय? छे, अगदी उत्तम लागत होता. हीच यातली भीतीची गोष्ट आहे. सायकलीची तार तुटण्यापूर्वी तिचे एकेक सूत तुटते, मूठ जड होते, आपल्याला काही तरी जाणवते. ही नळी फुटेपर्यंत हाताला कसलीच कल्पना देत नाही.

ते का, हे समजण्यासाठी या नळीत काय चालते ते पाहिले पाहिजे.

नळीत तार नसते, द्रव असतो. उजव्या हाताची दांडी दाबली की हँडलावरील ‘मास्टर सिलिंडर’ नावाच्या लहान नळकांड्यातील दट्ट्या पुढे सरकतो व द्रवावर दाब देतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा सिद्धांत आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. पास्कल १६६२ साली वारला व त्याचा द्रवांविषयीचा ग्रंथ पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याला आपल्या सिद्धांतावर कोणी वाहन थांबवील असे स्वप्नातही वाटले नसेल. मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या मोटारसायकलींवर द्रवाने चालणारा डिस्क ब्रेक १९६९ सालच्या होंडा सीबी ७५० या गाडीने रूढ केला. भारतातील सामान्य ग्राहकापर्यंत तो पोहोचण्यास त्यानंतर आणखी सुमारे तीस वर्षे जावी लागली.

आता थोडे गणित करू. आकडे समजण्यासाठी सोपे घेतले आहेत. निरनिराळ्या गाड्यांत ते थोडेफार वेगळे असतात. समजा, बोटांनी दांडीवर १० किलो भार दिला. दांडी ही तरफच असल्याने तो पाचपट होऊन दट्ट्यावर ५० किलो पडला. दट्ट्याचे क्षेत्रफळ १.२५ चौरस सेंटिमीटर असेल, तर द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो होतो. चाकाजवळच्या ‘कॅलिपर’मधील दट्ट्यांचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरले, तर ब्रेकचे पॅड चकतीवर ४०० किलो भाराने दाबले जातात. चार बोटांनी सहज दिलेल्या दाबाचे हे फळ! परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. बळ जितके वाढले तितके अंतर घटले. मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पूर्ण १ सेंटिमीटर सरकला तरी केवळ १.२५ घनसेंटिमीटर द्रव पुढे जातो, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नव्हे. आणि त्याने कॅलिपरचे दट्टे जेमतेम सव्वा मिलिमीटर हलतात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, सगळा खेळ थेंबांचा आहे. नळीत अर्धा घनसेंटिमीटर हवा राहिली, तर ती दाबण्यातच दट्ट्याची सुमारे ४ मिलिमीटर चाल खर्च होते, आणि दांडीच्या टोकाशी ती पाचपट, म्हणजे २० मिलिमीटर इतकी जाणवते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणूनच दांडी ‘स्पंजासारखी’ लागते व मिस्त्री ‘हवा काढायला हवी’ म्हणतात. दुसरी गोष्ट अशी की, नळीच्या भिंतीवर आतून दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा रेटा बसतो. नुसते रबर असते तर ते फुग्याप्रमाणे फुगले असते. तो रेटा सोसते ती रबराच्या थरांमध्ये दडलेली सुताची वीण.

या विणीविषयी आपल्या शाळेच्या पालकवर्गाला अधिक सांगावयास नको. पांडेसरा-लिंबायतच्या कितीतरी घरांत यंत्रमागाचा खडखडाट म्हणजे पोटापाण्याचाच आवाज आहे. कापडात ताणा सरळ जातो व बाणा त्याला आडवा जातो. नळीवरील सूत मात्र दोन्ही बाजूंनी तिरपे, वेणीसारखे गुंफलेले असते, त्यामुळे नळी वाकते पण फुगत नाही. आता कल्पना करावी, की वरचे रबर झिजून या विणीची काही सुते टायरने कापली आहेत. उरलेली सुते रोजच्या हलक्या दाबाला पुरून उरतात. दांडी नेहमीसारखीच कडक लागते. पण एखादे दिवशी समोर मूल धावत आले आणि चालकाने जिवाच्या आकांताने दांडी आवळली, तर दाब दुप्पट होतो, आणि नेमक्या त्या क्षणी नळी फुटते. फुटली की द्रव बाहेर आणि पुढचा ब्रेक शून्य.

पुढचा ब्रेक गेला तरी मागचा आहेच की, असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हटले होते. त्यावर मिस्त्रींनी आम्हांस बसच्या प्रवाशांची आठवण करून दिली. बस एकाएकी थांबली की सगळे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचेही तसेच होते. तिचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके पडते, आणि हलक्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी ते नुसते घसरते. घरी येऊन आम्ही हिशेब केला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटरहून थोडा अधिक वेग. दोन्ही ब्रेकांनी सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होत गेला, तर गाडी सुमारे १० मीटरांत थांबते. एकट्या मागच्या ब्रेकने त्याच्या निम्म्याने कमी होतो असे धरले, तर तिला २० मीटर लागतात. शाळेच्या फाटकापासून रस्त्याच्या पलीकडचा पदपथ २० मीटरांच्या कितीतरी आत आहे.

आता मूळ प्रश्न. नळी कशी न्यावी?

सायकलीच्या उदाहरणाने आपण प्रारंभ केला तो याचसाठी. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर हँडलावर असतो, कॅलिपर फोर्कच्या खालच्या टोकाशी असतो, आणि हँडल व फोर्क एकत्रच वळतात. मधली नळी जर केवळ या वळणाऱ्या भागांनाच धरून नेली, तर हँडल कितीही वळविले तरी तिला ताण पडावयाचे कारण नाही. यासाठी गाडी बनविणारा कारखाना एक वाट आखून देतो. नळी मास्टर सिलिंडरपासून निघते, हँडलाखालून फोर्कच्या दोन नळकांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या पुढून उतरते, तेथील कड्यातून ओवली जाते आणि मडगार्डजवळच्या क्लिपमध्ये अडकून कॅलिपरला पोहोचते. घोटाळा होतो तो नळी न वळणाऱ्या भागाशी जोडली गेल्यावर. त्या दिवसानंतर आम्हांस रस्त्यात उभ्या असलेल्या गाड्या न्याहाळण्याचे व्यसनच लागले; घरच्या मंडळींना त्याचा उपद्रव होतो. तेव्हा दिसले ते असे, की कोणी नळी प्लॅस्टिकच्या पट्टीने हॉर्नच्या दांड्याला बांधली आहे, कोणी ती दिव्याच्या वायरींच्या जुडग्यात गुंडाळून सांगाड्याला आवळली आहे. दिसावयास फार नीटनेटके! पण त्या एका पट्टीने पुढच्या ब्रेकच्या नळीची सायकलीच्या मागच्या तारेसारखी गत होते. गाडी लावताना हँडल पूर्ण वळविले की ती ताणली जाते, आणि सर्व ताण टोकाशी, जेथे रबरावर धातूची टोपी दाबून बसविलेली असते तेथे येतो. नळ्या बहुधा तेथेच चिरतात. ज्या शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांचा पुढचा मुखवटा सांगाड्याला पक्का असतो, तेथे हँडल आणि मुखवटा यांच्या फटीत नळी चेपण्याचाही धोका असतो.

वळण्याचा प्रश्न असा सुटला, तरी एक हालचाल उरतेच. खड्ड्यात चाक गेले किंवा ब्रेक दाबला की पुढचे शॉकअप दबतात. अशा गाड्यांत ही चाल साधारण दहा ते चौदा सेंटिमीटर असते. म्हणजे मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्यातील अंतर तेवढे कमी-जास्त होते, आणि नळीची लांबी तर तीच राहते. शॉकअप पूर्ण लांबलेले असताना नळी पुरली पाहिजे; पूर्ण दबलेले असताना जी जास्तीची लांबी उरते तिला फुगण्यास निर्धोक जागा मिळाली पाहिजे. क्लिप आणि कडे यांचे खरे काम हेच. ती नळीला नुसती धरून ठेवीत नाहीत, तर तिचा फुगवटा कोठे व कोणत्या दिशेस पडावा हे ठरवितात. वरचे कडे व खालची क्लिप यांमधला तुकडा मोकळा असतो आणि तो पुढे किंवा बाहेर वाकतो, आत टायरकडे नव्हे. भाच्याच्या गाडीत दोन्ही आधार नसल्याने फुगवट्याला वाटेल तिकडे जाण्याची मुभा होती, आणि तो टायरकडे गेला.

येथे एक क्षण थांबून विचार करावा असे आहे. शॉकअप सर्वांत अधिक केव्हा दबतात? जोराने ब्रेक लावल्यावर. नळीत दाब सर्वांत अधिक केव्हा असतो? तेव्हाच. आणि नळी आत झुकून टायरला केव्हा लागते? तेही तेव्हाच. गाडी उभी असताना पाहिले तर सर्व काही जागच्या जागी दिसते. गॅरेजवाल्याने गाडी उभ्या स्थितीत पाहिली, भाच्याने उभ्या स्थितीत पाहिली, आम्हीही पाहिली होती. दोष दिसत नव्हता, कारण ब्रेकचे काम सुरू होईपर्यंत तो तेथे नव्हताच.

नळी बसवितानाची आणखी एक चूक म्हणजे पीळ. नळीच्या टोकाचे कडे एका पोकळ बोल्टने बसविलेले असते. त्याला ‘बँजो बोल्ट’ म्हणतात. तो पान्याने आवळताना कडेही त्याबरोबर थोडे फिरते, आणि दुसरे टोक आधीच पक्के असेल तर नळीला पीळ बसतो. दाब आला की पिळलेली नळी सरळ होऊ पाहते. म्हणून आवळताना कडे दुसऱ्या हाताने स्थिर धरावे. पुष्कळ कॅलिपरांवर कडे अडावे म्हणून एक खुंटी ठेवलेली असते, तिला टेकवूनच ते बसवावे. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा तसे बसत नाहीत. बोल्ट उघडला तर ते नवे घालावे. दोन क्षुल्लक वायसरांसाठी कंजुषी करणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या कॅलिपरवरचा ओलसर डागही पाहिला आहे.

हौशी लोक जुन्या गाड्यांना वरून पोलादी तारांची वीण असलेल्या नळ्या घालतात. त्या फुगत नाहीत, दांडी अधिक कडक लागते, हे खरेच. पण उघडी पोलादी वीण म्हणजे कानसच. ती ज्याला घासेल ते कापीत जाते, मग तो मुखवटा असो, रंग असो वा दुसरी वायर असो. ज्यांच्यावर प्लॅस्टिकचे वेष्टन असते त्या बऱ्या. आणि नळी कितीही उंची असली तरी चुकीच्या वाटेने नेल्यास ती चुकीचीच.

पुढच्या चाकाला दोन चकत्या असलेल्या मोठ्या गाड्यांत वाटेचा प्रश्न अधिक गमतीचा होतो. कोठे मास्टर सिलिंडरपासूनच दोन स्वतंत्र नळ्या निघतात. कोठे एक नळी खालच्या पट्टीपर्यंत येते व तेथे तिचे दोन फाटे होतात. कोठे एक नळी पहिल्या कॅलिपरला जाते आणि तेथून दुसरी मडगार्डवरून कमानीसारखी पलीकडच्या कॅलिपरला जाते. या तिसऱ्या रचनेत नळी कमी लागते, पण हवेचा स्वभाव वर जाण्याचा असल्याने तिचे बुडबुडे त्या कमानीच्या माथ्यावर जाऊन बसतात आणि काढता काढता माणूस थकतो. म्हणून कमान जितकी बसकी राहील तितकी बरी. एकेरी नळीतही हाच नियम आहे. ती खालून वर सलग चढत गेली पाहिजे. मध्येच उंचवटा करून पुन्हा खाली आली, तर त्या उंचवट्यात हवेचा कायमचा मुक्काम.

राजदूत ३५० या गाडीची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. जपानी यामाहाच्या आरडी ३५० या गाडीवरून बेतलेली ही मोटारसायकल १९८३ सालापासून एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात बनविली. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतीय गाडीला मात्र तारेने चालणारा ड्रम ब्रेक दिला गेला. गाडी अतिशय वेगवान, आणि ब्रेक त्या मानाने दुबळा. आज तिचे चाहते ती जिवापाड जपतात, आणि पुष्कळजण तिला मागाहून डिस्क ब्रेक बसवून घेतात. अशा वेळी कारखान्याने आखलेली वाट नसतेच. कडे नाही, क्लिप नाही, नळीची लांबीही ठरलेली नाही. मग सारा भार बसविणाऱ्याच्या विचारावर येतो, आणि वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याला स्वतः योजावी लागते.

नव्या गाड्यांची तऱ्हा वेगळी आहे. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात एबीएस सक्तीचे झाले. चाक अडकून घसरू लागताच ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सैल व घट्ट करणारी ही यंत्रणा बहुधा सांगाड्याला बसविलेली असते, म्हणून पुढच्या ब्रेकचा द्रव हँडलावरून सांगाड्यात जातो व तेथून परत फोर्ककडे येतो. अर्थात् तेथे नळीला वळणारा सांधा दोनदा ओलांडावा लागतो. सायकलीच्या मागच्या तारेचीच स्थिती. त्यासाठी कारखाना मुद्दाम मोकळा वळसा ठेवतो. जुन्या गाडीचा अनुभव असलेल्याने तो ‘लोंबतोय’ म्हणून आवळू नये.

द्रवाविषयी थोडेसे. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रकारचा द्रव असतो, आणि कोणता घालावा ते टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ताजा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळला की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. सुरतेसारख्या समुद्राजवळच्या दमट गावी दोन वर्षांनी द्रव बदलणे म्हणजे मिस्त्रीची कमाई वाढविणे नव्हे. तो रंगावर सांडला तर रंग उठतो, तेव्हा लगेच पाण्याने धुवावे.

आता मिस्त्रींनी त्या दिवशी आमच्यासमोर केलेली परीक्षा सांगतो. ती कोणत्याही घरी करता येते. मात्र गाडीवर हात घालण्याचे काम वडीलधाऱ्यांचे, आणि पोकळ बोल्ट उघडण्याचे काम जाणत्याचेच. त्यांनी प्रथम नळी बदलली. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले, त्यामुळे शॉकअप पूर्ण लांबले. त्या स्थितीत हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून नळी कोठे ताणते काय, चेपते काय, ते बोट फिरवून पाहिले. नंतर गाडी खाली घेतली, भाच्याला हँडलावर सारा भार देऊन शॉकअप दाबावयास सांगितले आणि स्वतः जमिनीला गाल टेकून नळीचा फुगवटा कोणीकडे जातो ते पाहिले. नळी आणि टायर यांच्यामध्ये त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी लोंबत धरली होती. ती एकदाही अडकली नाही. शेवटी दांडी घट्ट आवळून धरली, आणि दोन्ही टोकांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून फडके उजेडात नेऊन पाहिले.

“सर, तुम्ही पण बघा,” असे म्हणून त्यांनी ते फडके आमच्या हाती दिले. ते कोरडे होते.

हे सर्व झाल्यावर मग त्यांनी मांजाची सळई हाती घेतली. तिची पट्टी प्रथम जेथे बसणार होती तेथे नळी तिच्याखाली चेपली असती. त्यांनी ती तीन बोटे आत सरकविली आणि पुन्हा एकदा हँडल दोन्हीकडे वळवून पाहिले. क्लिप आणि कडे मिळून पैसे इतके थोडे झाले, की भाच्याने दोनदा विचारले. जुनी नळी आम्ही मागून घेतली. आठवीच्या वर्गात दाबाचा धडा येतो तेव्हा ती मुलांच्या हातून फिरते, आणि झिजलेल्या जागी अंगठा फिरवून प्रत्येकजण आतील सुते मोजण्याचा प्रयत्न करतो.

संक्रांतीच्या दिवशी भाचा तिळगूळ घेऊन आमच्याकडे आला. अलीकडे त्या दिवशी उड्डाणपुलांवरून दुचाकी नेण्यास पोलिसांची मनाई असते, म्हणून तो खालच्या रस्त्याने, गर्दीतून, अर्धा तास उशिरा पोहोचला. सळईला एक निळा मांजा गुरफटलेला होता.